लहान विद्युत मालवाहू वाहने (नागपूर)

लहान विद्युत मालवाहू वाहने ही बॅटरीत साठवलेल्या विजेवर चालणारी, साधारणपणे अर्धा ते सव्वा टन माल वाहून नेणारी तीनचाकी व चारचाकी व्यावसायिक वाहने होत. घाऊक बाजारातून किरकोळ दुकानापर्यंत, गोदामातून ग्राहकाच्या दारापर्यंत आणि कारखान्यातून वाहतूकदाराच्या गोदामापर्यंत माल पोहोचवण्यासाठी त्यांचा वापर होतो. डिझेल, पेट्रोल व सीएनजीवर चालणारे मालवाहू ऑटो आणि बोलीभाषेत ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखले जाणारे छोटे ट्रक यांना पर्याय म्हणून ही वाहने पुढे आली आहेत. महाराष्ट्रातील नागपूर शहरात विद्युत वाहनांचा सार्वजनिक वाहतुकीतील मोठा प्रयोग २०१७ मध्येच झाला होता. त्या अनुभवामुळे आणि विदर्भातील तीव्र उन्हाळ्यामुळे या वाहनांची पारख करताना येथे काही वेगळे निकष महत्त्वाचे ठरतात. कंपनीने जाहीर केलेला पल्ला व किंमत यांपेक्षा रोजची धाव, मालाचे स्वरूप, रात्रीच्या मुक्कामी चार्जिंगची सोय आणि बॅटरीचे उष्णतेपासून होणारे संरक्षण या चार गोष्टींवर व्यवसायातील नफा-तोटा अधिक अवलंबून असतो.

## व्याख्या आणि वर्गीकरण

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ही वाहने मुख्यतः तीन गटांत मोडतात.

* ई-कार्ट : ताशी कमाल २५ किलोमीटर वेगाची आणि ३१० किलोग्रॅमपर्यंत माल वाहण्याची मुभा असलेली तीनचाकी गाडी. ई-रिक्षासोबत २०१४ मध्ये तिला नियमांत स्थान मिळाले.
* एल५ प्रवर्गातील मालवाहू तीनचाकी : ई-कार्टपेक्षा अधिक वेगवान व मजबूत असे विद्युत मालवाहू ऑटो. त्यांची भारक्षमता साधारण ५०० ते ७०० किलोग्रॅम असते.
* एन१ प्रवर्गातील चारचाकी : मालासह एकूण वजन साडेतीन टनांपेक्षा अधिक नसलेली मालवाहू वाहने. छोटे विद्युत ट्रक व बंदिस्त डिलिव्हरी व्हॅन या प्रवर्गात येतात.

बॅटरीची क्षमता किलोवॅट तासांत मोजतात. एक किलोवॅट तास म्हणजे वीजबिलावर दिसणारे एक युनिट. त्यामुळे २१.३ किलोवॅट तासांची बॅटरी पूर्ण भरण्यास किमान २१.३ युनिट वीज लागते. चार्जिंग करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जात असल्याने मीटरवरील नोंद त्याहून थोडी अधिक होते.

## इतिहास

विजेवर चालणारी मालवाहू गाडी ही एकविसाव्या शतकाची नवलाई नव्हे. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात घरोघरी दूध पोहोचवण्यासाठी शिसे-आम्ल बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने वापरात होत्या. त्यांचा वेग कमी आणि पल्ला मर्यादित होता. मात्र रोजचा मार्ग ठरलेला, थांबे वारंवार आणि रात्रीचा मुक्काम एकाच आगारात असल्यामुळे या उणिवा फारशा जाणवत नसत. लहान विद्युत मालवाहू वाहन कोठे यशस्वी होते, याचे हे जुने व बोलके उदाहरण आहे.

भारतात महिंद्रा कंपनीने २००० सालाच्या सुमारास ‘बिजली’ ही विद्युत तीनचाकी आणली होती. परंतु त्या काळातील जड बॅटरी व चार्जिंग सुविधांचा अभाव यांमुळे असे प्रयत्न मर्यादित राहिले. मे २००५ मध्ये टाटा एस हा छोटा ट्रक बाजारात आला आणि शहरांतर्गत मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. एका चालक-मालकाला परवडेल असे चारचाकी मालवाहू वाहन यामुळे उपलब्ध झाले. पुढे लिथियम-आयन बॅटरी स्वस्त होऊ लागल्यावर याच गटात विद्युत वाहने येऊ लागली. महिंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘ई-सुप्रो’ ही विद्युत व्हॅन प्रवासी व मालवाहू अशा दोन्ही रूपांत आणली. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ट्रिओ झोर’ ही मालवाहू तीनचाकी आणि मे २०२२ मध्ये ‘टाटा एस ईव्ही’ ही चारचाकी सादर झाली.

याच काळात ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही विद्युत वाहनांची उद्दिष्टे जाहीर केली. अ‍ॅमेझॉनने २०२० मध्ये भारतात २०२५ पर्यंत १०,००० विद्युत वाहने वापरात आणण्याचे, तर फ्लिपकार्टने २०२१ मध्ये २०३० पर्यंत २५,००० वाहनांचे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे या वाहनांना निश्चित मागणी मिळाली. पुणे जिल्ह्यातील बारामती येथे तीनचाकी ‘आपे’ बनवणारी पियाजिओ आणि छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे कारखाना असलेली बजाज ऑटो या कंपन्याही विद्युत मालवाहू तीनचाकींच्या बाजारात उतरल्या.

### नागपूरमधील २०१७ चा प्रयोग

२६ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी व तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत नागपुरात विद्युत वाहनांच्या सार्वजनिक वाहतूक प्रकल्पाचा प्रारंभ झाला. ओला आणि महिंद्रा यांच्या सहभागाने सुरू झालेल्या या प्रकल्पात मोटारी, ई-रिक्षा व बस मिळून सुमारे २०० वाहनांची योजना होती. त्यांपैकी १०० महिंद्रा ई२ओ प्लस मोटारी होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंडियन ऑइलने ओलाच्या सहकार्याने नागपुरातील एका पेट्रोल पंपावर चार्जिंग केंद्र सुरू केले. पेट्रोल पंपावरील देशातील असे ते पहिले केंद्र मानले जाते.

हा प्रकल्प मालवाहतुकीचा नव्हता. तरी त्यातील अनुभव मालवाहतुकीलाही लागू पडतो. भाड्याने चालणाऱ्या मोटारींना दिवसातून एकाहून अधिक वेळा चार्जिंग लागे, आणि ते सर्वांना मोजक्याच केंद्रांवर करावे लागे. परिणामी चालकांना रांगेत बराच वेळ थांबावे लागत असल्याच्या आणि काही चालक पुन्हा डिझेल मोटारींकडे वळत असल्याच्या बातम्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. रांगेत गेलेला तास हा चालकाच्या कमाईचा तास असतो. वाहनाच्या किंमतपत्रकात हा खर्च दिसत नाही. पण हप्ता भरताना तो जाणवतो. मालवाहू वाहनाची धाव मात्र बहुधा ठरलेली असते आणि रात्री ते दुकान, गोदाम किंवा घर अशा एकाच ठिकाणी उभे राहते. त्या ठिकाणी विजेची सोय असल्यास सार्वजनिक केंद्रावरील अवलंबित्व बरेच कमी होते.

## नागपूरमधील मालवाहतुकीचे स्वरूप

नागपूर देशाच्या मध्यभागी असून रेल्वे व राष्ट्रीय महामार्गांचे मोठे जंक्शन आहे. बाहेरून येणारा माल शहराच्या कडेवरील गोदामांत उतरतो आणि तेथून लहान वाहनांनी आत येतो. अमरावती मार्गावरील वाडी हा वाहतूकदार व गोदामांचा परिसर आहे. हिंगणा आणि शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवरील बुटीबोरी येथे औद्योगिक वसाहती आहेत. संत्री, धान्य व मिरची यांची मोठी उलाढाल कळमना येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत होते. इतवारी, मस्कासाथ व गांधीबाग या जुन्या पेठांत किराणा, कापड, औषधे इत्यादींचा घाऊक व्यापार चालतो, तर लकडगंज लाकडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे.

या भूगोलामुळे मालवाहतुकीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

1. पेठांतर्गत फेऱ्या : इतवारी ते महाल, सीताबर्डी, सदर किंवा धरमपेठ. अंतर थोडे, गल्ल्या अरुंद, थांबे अनेक. वळण्यास सोपी व थोड्या जागेत उभी राहणारी तीनचाकी येथे सोयीची ठरते.
2. गोदाम ते वस्ती : वाडी किंवा हिंगण्याहून शहरभर पार्सल पोहोचवणे. दिवसाची एकूण धाव बरीच असू शकते. माल हलका पण जागा व्यापणारा असतो. बंदिस्त मालपेटीची चारचाकी येथे उपयुक्त ठरते.
3. शहर ते तालुका : उमरेड, रामटेक, काटोल अशा ठिकाणी होणाऱ्या फेऱ्या. काटोलपर्यंतचे अंतर सुमारे ६० किलोमीटर असल्याने जाऊन-येऊन १२० किलोमीटर होतात. विद्युत वाहनाची खरी कसोटी या प्रकारात लागते.

नागपूर शहर बहुतांशी सपाट आहे. त्यामुळे घाटमार्गावर महत्त्वाची ठरणारी चढण चढण्याची क्षमता येथे दुय्यम ठरते. वारंवार ब्रेक लावावा लागणाऱ्या गर्दीच्या रस्त्यांवर विद्युत वाहनास एक लाभही मिळतो. वेग कमी होताना मोटर जनित्राप्रमाणे काम करते आणि वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत भरते.

## प्रमुख वाहनांची तुलना

पुढील तक्त्यातील आकडे कंपन्यांनी ती वाहने सादर करताना जाहीर केलेले आहेत. त्यानंतर आलेल्या आवृत्त्यांत फरक असू शकतो. सर्व कंपन्यांनी पल्ला एकाच पद्धतीने मोजला असेल असेही नाही. शेवटच्या स्तंभातील विजेचा वापर बॅटरीची क्षमता व जाहीर पल्ला यांवरून काढला असून तो केवळ परस्पर तुलनेसाठी आहे.

| वाहन | सादर झाल्याचे वर्ष | चाके | बॅटरी (किलोवॅट तास) | भारक्षमता (किलोग्रॅम) | जाहीर पल्ला (किलोमीटर) | १०० किलोमीटरला युनिट |
|---|---|---|---|---|---|---|
| महिंद्रा ट्रिओ झोर | २०२० | ३ | ७.३७ | ५५० | १२५ | ५.९ |
| यूलर हायलोड | २०२१ | ३ | १२.४ | ६८८ | १५१ | ८.२ |
| टाटा एस ईव्ही | २०२२ | ४ | २१.३ | ६०० | १५४ | १३.८ |
| टाटा एस ईव्ही १००० | २०२४ | ४ | २१.३ | १,००० | १६१ | १३.२ |
| महिंद्रा झिओ (मोठी बॅटरी) | २०२४ | ४ | २१.३ | ७६५ पर्यंत | १६० पर्यंत | १३.३ |
| टाटा एस प्रो ईव्ही | २०२५ | ४ | १४.४ | ७५० | १५५ | ९.३ |

तक्त्यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. चारचाकींच्या तुलनेत तीनचाकी दर किलोमीटरला बरीच कमी वीज वापरतात. त्यांची बॅटरी लहान असल्याने किंमतही कमी असते. सादर झाल्या वेळी ट्रिओ झोरची सुरुवातीची किंमत २ लाख ७३ हजार रुपये आणि यूलर हायलोडची सुमारे साडेतीन लाख रुपये होती. चारचाकींमध्ये झिओची किंमत ७ लाख ५२ हजार रुपयांपासून, तर एस प्रो ईव्हीची ६ लाख ५० हजार रुपयांपासून सुरू झाली. एस प्रो ईव्हीची बॅटरी तक्त्यातील इतर चारचाकींच्या बॅटरीपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने लहान आहे. तिची किंमत कमी असण्यामागे हे एक मोठे कारण आहे. विद्युत वाहनाच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असल्याने गरजेपेक्षा मोठी बॅटरी घेणे म्हणजे न वापरल्या जाणाऱ्या भांडवलावर व्याज भरणे होय. उलट, गरजेपेक्षा लहान बॅटरी घेतल्यास दिवसाच्या मध्यात गाडी थांबवावी लागते.

याहून अधिक माल वाहण्यासाठी २०२४ मध्ये आलेल्या यूलर स्टॉर्म ईव्हीसारखी सव्वा टन भारक्षमतेची चारचाकी वाहनेही उपलब्ध आहेत.

## तुलनेचे निकष

### पल्ला

प्रमाणित पल्ला प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीवरून ठरतो. प्रत्यक्षात माल, खड्डे, महामार्गावरील वेग, टायरमधील हवा, चालकाची सवय आणि बॅटरीचे वय यांमुळे तो घटतो. म्हणून सावध नियोजनात प्रमाणित पल्ल्याच्या सुमारे दोनतृतीयांश एवढेच अंतर भरवशाचे धरणे इष्ट ठरते. या हिशेबाने १५५ किलोमीटर पल्ल्याचे वाहन सुमारे १०३ किलोमीटरपर्यंत निर्धास्तपणे चालवता येते. इतवारी ते बुटीबोरी अशी एक फेरी त्यात सहज बसते. दुसरी फेरी किंवा काटोलची ये-जा करायची झाल्यास मध्ये कोठेतरी, उदाहरणार्थ माल उतरवताना, चार्जिंग करावे लागते.

### भारक्षमता आणि जागा

मालाचे वजन आणि आकारमान या दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत. धान्याची पोती, फरशा किंवा लोखंडी सामान नेताना गाडीत जागा शिल्लक असतानाच वजनाची मर्यादा संपते. फरसाणाची पाकिटे, औषधांची खोकी किंवा ऑनलाइन खरेदीची पार्सले नेताना वजन पुरते भरण्याआधीच जागा संपते. टाटा एस ईव्हीची भारक्षमता ६०० किलोग्रॅम असली तरी तिच्या मालपेटीचे आकारमान २०८ घनफूट आहे, कारण ती मुख्यतः पार्सल वाहतूक डोळ्यांसमोर ठेवून बनवली गेली. संत्र्यांच्या क्रेटसाठी हवा खेळती राहणारी उघडी किंवा जाळीदार मालपेटी सोयीची असते. एकाच वाहनाची अनेक मालपेट्यांसह विक्री होत असल्याने मॉडेल निवडण्याइतकेच मालपेटी निवडणेही महत्त्वाचे असते.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याची सवय विद्युत वाहनात विशेष महाग पडते. डिझेल गाडीत जादा मालाने इंधन अधिक लागते. विद्युत वाहनात पल्ला घटतो आणि मोटर व बॅटरी दोन्ही अधिक तापतात.

### बॅटरी आणि उष्णता

नागपुरात उन्हाळ्यात कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ अंश नोंदवले गेले. लिथियम-आयन बॅटरी सतत उष्णतेत राहिल्यास तिची साठवण क्षमता लवकर घटते. बॅटरी फार तापल्यास तिच्यातील नियंत्रण यंत्रणा गाडीची शक्ती किंवा चार्जिंगचा वेग आपोआप कमी करते. त्यामुळे भर दुपारी गाडी मंदावणे हा बिघाडच असतो असे नाही.

लिथियम-आयन बॅटऱ्यांचे दोन प्रकार प्रचलित आहेत. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी तुलनेने जड असते. परंतु ती उष्णतेत अधिक स्थिर राहते आणि अधिक वेळा चार्ज करता येते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी हलकी असून कमी जागेत जास्त ऊर्जा साठवते, मात्र अतितापाच्या बाबतीत तिला अधिक जपावे लागते. टाटा एस ईव्हीमध्ये पहिल्या प्रकारची बॅटरी आहे. बॅटरी थंड ठेवण्याच्या पद्धतीही भिन्न आहेत. अनेक तीनचाकींमध्ये वाहत्या हवेवरच भिस्त असते, तर यूलर हायलोडसारख्या काही वाहनांत द्रवशीतन यंत्रणा असते. विदर्भाच्या हवामानात हा फरक किंमतपत्रकातील अनेक बाबींपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

गाडी सावलीत उभी करणे, लांब फेरीनंतर लगेच चार्जिंग न करता बॅटरी थोडी निवू देणे, आणि जलद चार्जिंग गरजेपुरतेच वापरणे, या साध्या सवयींनी बॅटरीचे आयुष्य वाढते.

### चार्जिंग

बहुतेक लहान विद्युत मालवाहू वाहने १५ किंवा १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चार्ज होऊ शकतात. अशा सॉकेटमधून सुमारे तीन किलोवॅट शक्ती मिळते. त्यानुसार २१.३ किलोवॅट तासांची रिकामी बॅटरी भरण्यास सात ते आठ तास, तर १४.४ किलोवॅट तासांच्या बॅटरीला सुमारे पाच तास लागतात. ट्रिओ झोरसारख्या तीनचाकीस कंपनीच्या माहितीनुसार सुमारे चार तास पुरतात. टाटा एस ईव्हीला जलद चार्जिंगने सुमारे पावणेदोन तास लागतात. त्यासाठी वेगळे उपकरण आवश्यक असते.

घरी किंवा दुकानात चार्जिंग करण्यापूर्वी वीजजोडणीचा मंजूर भार, अर्थिंग व वायरिंगची क्षमता तपासावी लागते. एकाच वेळी पाच गाड्या चार्ज करायच्या झाल्यास १५ किलोवॅटहून अधिक भार लागतो. नागपुरात वीजपुरवठा महावितरणकडून होतो आणि भार वाढवण्यासाठी तिच्याकडे अर्ज करावा लागतो. चाळीत किंवा जुन्या पेठेतील अरुंद घरात राहणाऱ्या, रस्त्यावरच गाडी उभी करणाऱ्या चालक-मालकाची अडचण येथेच सुरू होते. त्याच्या दृष्टीने रात्रीची जागा व सॉकेट ही वाहनाइतकीच मूलभूत गरज आहे. बॅटरी बदलण्याची केंद्रे हा त्यावरचा एक उपाय मानला जातो. पियाजिओने २०१९ मध्ये सन मोबिलिटीच्या सहकार्याने अशा बदलत्या बॅटरीची प्रवासी तीनचाकी आणली होती.

केंद्र सरकारच्या २०२३ मधील नियमांनुसार, वेळेनुसार बदलणारा वीजदर लागू असलेल्या ग्राहकांसाठी सूर्यप्रकाशाच्या ठरावीक तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. नागपुरात यातून एक पेच निर्माण होतो: वीज स्वस्त असते ती दिवसा, आणि बॅटरीला मानवते ते रात्रीचे किंवा पहाटेचे चार्जिंग. सावलीची व हवेशीर जागा असलेल्या गोदामालाच या सवलतीचा पुरेपूर लाभ घेता येतो.

## खर्चाचे गणित

विद्युत वाहनाची खरेदी महाग आणि चालवण्याचा खर्च कमी असतो. त्यामुळे ते परवडते की नाही, हे वाहन रोज किती धावते यावर ठरते. टाटा एस प्रो हे वाहन जून २०२५ मध्ये पेट्रोल व विद्युत अशा दोन्ही रूपांत आल्याने तुलना सोपी होते. सादर झाल्या वेळी पेट्रोल रूपाची सुरुवातीची किंमत ३ लाख ९९ हजार आणि विद्युत रूपाची ६ लाख ५० हजार रुपये, म्हणजे फरक २ लाख ५१ हजार रुपयांचा होता.

उदाहरणादाखल पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये, सरासरी धाव लिटरला २० किलोमीटर, विजेचा दर युनिटला १० रुपये आणि प्रत्यक्ष वापर चार्जिंगमधील घट धरून किलोमीटरला ०.१५ युनिट मानला, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ५ रुपये आणि विजेचा दीड रुपया येतो. बचत किलोमीटरला साडेतीन रुपये होते. वर्षाला ३०० कामाचे दिवस धरल्यास चित्र असे दिसते.

| रोजची धाव | वर्षाची धाव | वार्षिक बचत | किमतीतील फरक भरून निघण्याचा काळ |
|---|---|---|---|
| ३० किलोमीटर | ९,००० किलोमीटर | ३१,५०० रुपये | सुमारे ८ वर्षे |
| ६० किलोमीटर | १८,००० किलोमीटर | ६३,००० रुपये | सुमारे ४ वर्षे |
| ९० किलोमीटर | २७,००० किलोमीटर | ९४,५०० रुपये | सुमारे २ वर्षे ८ महिने |

या हिशेबात कर्जावरील जादा व्याज धरलेले नाही. तसेच इंजिन ऑइल, फिल्टर व क्लच नसल्यामुळे देखभालीत होणारी बचत आणि शासकीय अनुदान हेही धरलेले नाही. तरीही निष्कर्ष स्पष्ट आहे. पेठेतल्या पेठेत दिवसाला ३० किलोमीटर फिरणाऱ्या चारचाकीला विद्युत पर्याय परवडणे कठीण असते. अशा कामासाठी कमी किमतीची विद्युत तीनचाकी अधिक योग्य ठरते. गोदामातून रोज ६० ते ९० किलोमीटर धावणाऱ्या वाहनाला मात्र कर्जाच्या मुदतीतच लाभ दिसू लागतो. म्हणजे अगदी कमी धावणाऱ्या गाडीला किमतीची आणि फार लांब धावणाऱ्या गाडीला पल्ल्याची अडचण येते. या दोन टोकांमधील पट्टा विद्युत वाहनाचा होय.

बॅटरीची हमी ठरावीक वर्षे किंवा किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. महिंद्रा झिओची हमी सादर झाल्या वेळी ७ वर्षे किंवा दीड लाख किलोमीटर अशी होती. हमी संपल्यानंतरचा बॅटरीचा खर्च आणि वापरलेल्या विद्युत वाहनाला मिळणारी किंमत हे या गणितातील सर्वांत अनिश्चित घटक आहेत. वित्तसंस्था कर्ज देताना याच अनिश्चिततेचा विचार करत असल्याने व्याजदर व परतफेडीची मुदत यांचीही वाहनाइतकीच बारकाईने तुलना करावी लागते.

## शासकीय धोरण आणि कायदेशीर बाबी

विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून इंधनावरील मालवाहू वाहनांचा करही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर विद्युत वाहनांचा कर ५ टक्केच राहिला. त्यामुळे दोहोंच्या किमतींतील अंतर पूर्वीपेक्षा वाढले आणि वर दिलेला परतफेडीचा काळही त्या प्रमाणात लांबला.

केंद्राच्या फेम योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ या काळात चालला. १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह योजना लागू झाली. तीत एल५ प्रवर्गातील तीनचाकींसाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. ट्रकसाठीचे अनुदान मात्र एन२ व एन३ या मोठ्या प्रवर्गांपुरते असल्याने साडेतीन टनांपर्यंतच्या लहान चारचाकी त्यात येत नाहीत.

महाराष्ट्राने २०१८, २०२१ व २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरणे जाहीर केली. २०२५ चे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत लागू असून त्यात मालवाहू तीनचाकी व हलक्या मालवाहू चारचाकींसाठी, ठरवून दिलेल्या मर्यादांच्या अधीन, मूळ किमतीवर १५ टक्के सवलतीची तरतूद आहे. विद्युत वाहनांना मोटार वाहन करातही माफी दिलेली आहे.

व्यावसायिक विद्युत वाहनांना हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक असतो. ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीवरील परिवहन वाहनांना परवान्यातून सूट आहे. मात्र तीन टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनांना मोटार वाहन कायद्याने आधीच ती सूट असल्याने लहान वाहनांना याचा वेगळा लाभ थोडाच झाला. विद्युत वाहनांच्या त्रयस्थ पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे. योग्यता प्रमाणपत्र इतर परिवहन वाहनांप्रमाणेच घ्यावे लागते. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोग्रॅमपर्यंत वजनाचे परिवहन वाहन चालवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले.

विद्युत दुचाकींना आगी लागण्याच्या २०२२ मधील घटनांनंतर बॅटरी सुरक्षेची मानके कडक करण्यात आली. दुचाकी-तीनचाकींसाठीच्या एआयएस-१५६ मानकातील सुधारणा डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्याआधी बनलेले जुने वाहन विकत घेताना ही बाब लक्षात घेणे आवश्यक ठरते.

## पर्यावरणीय परिणाम

विद्युत वाहन चालताना धूर सोडत नाही आणि आवाजही कमी करते. इतवारी-गांधीबागेसारख्या दाट पेठांत दिवसभर काम करणारे हमाल, दुकानदार व रहिवासी यांना याचा थेट लाभ होतो. तथापि नागपूरच्या परिसरातील कोराडी व खापरखेडा ही औष्णिक विद्युत केंद्रे कोळशावर चालतात आणि देशातील विजेचा मोठा भागही कोळशापासून तयार होतो. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. वरील उदाहरणातील ०.१५ युनिट वापर धरल्यास हे उत्सर्जन किलोमीटरला सुमारे १०५ ग्रॅम येते. लिटरला २० किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल वाहनाचे ते सुमारे ११५ ग्रॅम असते. म्हणजे पेठेतील हवा लगेच सुधारत असली, तरी हवामानबदलाच्या दृष्टीने होणारा लाभ सौर व अन्य नवीकरणीय विजेच्या वाट्यावर अवलंबून राहतो. गोदामाच्या छतावर सौर पॅनेल बसवून केलेले चार्जिंग या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण ठरते.

## मर्यादा

* सार्वजनिक चार्जिंग केंद्रे मुख्य मार्गांलगत एकवटलेली असून तालुक्याच्या ठिकाणी त्यांची संख्या कमी आहे.
* गल्लीतील गॅरेजमध्ये इंजिनाची दुरुस्ती होते. मोटर, नियंत्रक व बॅटरी यांसाठी मात्र बहुधा कंपनीच्या सेवा केंद्रावर जावे लागते. केंद्र जवळ नसल्यास गाडी व कमाई दोन्ही थांबतात.
* वापरलेल्या वाहनांचा बाजार अद्याप स्थिरावलेला नाही.
* पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या भागात उघड्यावर चार्जिंग करणे धोक्याचे असते.
* एकच वाहन असलेल्या चालक-मालकाकडे बिघाडाच्या दिवशी पर्यायी गाडी नसते. अनेक वाहने बाळगणाऱ्या कंपनीला सोसणारी जोखीम त्याला सोसेलच असे नाही.

## हे सुद्धा पहा

* विद्युत वाहन
* लिथियम-आयन बॅटरी
* नागपूर
* कळमना बाजार
* टाटा एस
* महावितरण